अवघड जागेचं दुखणं आणि लेडीज सीट

परवापासून आमच्या सायकलच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि कहर म्हणजे माझ्या माहेरच्या ग्रुपवर पण एकच फॉरवर्ड फिरतोय. "सायकलची सीट घेताना या चुका करू नका", लाल अक्षरात, शेवटी हात जोडलेले आणि "जनहितार्थ". ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, बायकांची हाडं रुंद म्हणून बायकांनी रुंद लेडीज सीटच घ्यायची आणि पुरुषांनी अरुंद जेन्ट्स. दोन, सीट जेवढी मऊ तेवढी चांगली. तीन, पुरुषाने लेडीज सीट वापरली तर "पुरुषत्वावर परिणाम" होतो. चार, मधे खाच असलेली सीट फक्त पुरुषांसाठी, बायकांना तिची गरज नाही. पाच, सुरुवातीला दुखणारच, महिनाभर सहन करा, सवय होते.

साताऱ्यात सायकल चालवायला लागून मला सात वर्षं झाली आणि त्यातली पहिली दोन मी ह्याच पाच मुद्द्यांवर वाया घालवलीयेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा. यात अर्धा टक्का खरं आहे म्हणूनच तो इतका पसरतो. आपण सीटवर टेकतो ते ढुंगणाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर, कडक बाकावर बसलं की टोचतात ना, तीच ती. त्या दोन हाडांमधलं अंतर बायकांमध्ये सरासरीने थोडं जास्त असतं, हे बरोबर. पण सरासरी सीटवर बसत नाही हो, आपण बसतो. बाई-बाईत आणि पुरुष-पुरुषात हे अंतर इतकं कमीजास्त असतं की खोक्यावर लेडीज लिहिलंय का जेन्ट्स यावरून तुमचं माप कळायचं काही कारण नाही. आणि माणूस जाड आहे का बारीक, कंबर किती, यावरून पण कळत नाही, कारण मोजायचं आहे हाड, वरचं मांस नाही.

मोजायचं कसं ते सांगते, फुकटात होतं. पार्सलच्या खोक्याचा तो नालीदार पुठ्ठा असतो ना, तो कडक स्टुलावर किंवा दगडी पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, पाय थोडे उचलायचे, जरा पुढे वाकायचं, अर्धा मिनिट. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात, नीट नाही दिसले तर खडू आडवा करून घासायचा म्हणजे उठून येतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची.

आमच्याकडे हा कार्यक्रम रविवारी दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर झाला. मी मोजताना बघून नवरा आला, त्याला बघून सासूबाई आल्या, "माझं पण बघ गं किती येतंय" म्हणत, त्यांना सायकल येत नाही तरी. मी ११ सेंटीमीटर. सासूबाई साडेबारा. आणि नवरा, जो लग्नातल्या सुटात अजून मावतो आणि ते सगळ्यांना सांगत असतो, तो १४. घरात सगळ्यात रुंद तो निघाला. सासूबाई इतक्या हसल्या की शेजारच्या काकू गच्चीतून डोकावल्या, काय झालं म्हणून. आता एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण फॉरवर्डवाल्याच्या हिशोबाने ती रुंद गुलाबी सीट माझ्या सायकलला आणि ती चिंचोळी नवऱ्याला, म्हणजे दोघांचेही हाल.

आणि झालेही तसेच हाल. मी पहिली सीट घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ वरच्या फळीवरून गुलाबी कडांची जेलची गादी काढली, "मॅडम लेडीज घ्या, आरामात बसाल". सायकल कोणती, किती लांब जाता, काही नाही. ती सीट मागून जवळजवळ २० सेंटीमीटर रुंद होती. पोवई नाक्यापर्यंत भाजी आणायला एकदम राजेशाही. पण समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या चढाला लागलं की प्रत्येक पेडलला मांडीचा मागचा भाग सीटच्या कडेवर घासायचा, आणि कासपर्यंतचे ते पंचवीसेक किलोमीटर करून परत येईपर्यंत आतल्या बाजूला सालटं निघालेली असायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

त्या दोन हाडांमधल्या अंतरात साधारण दोन ते तीन सेंटीमीटर मिळवायचे म्हणजे सीटची रुंदी निघते, हा ढोबळ हिशोब. माझं साडेतेरा-चौदा, नवऱ्याचं साडेसोळाच्या आसपास. चांगल्या कंपन्या एकच सीट तीन-चार रुंदीत काढतात, १४३ मिलिमीटर, १५५ मिलिमीटर अशी, चपलेच्या नंबरसारखी. चप्पल घेताना आपण नंबर बघतो ना, का नुसतं "लेडीज द्या" म्हणून कुठलीही घालून घरी येतो?

पण रुंदीइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुम्ही बसता कसे, आणि याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. ताठ बसलात तर सगळं वजन मागच्या त्या दोन हाडांवर येतं, तिथे रुंद सीट बरी. पुढे वाकलात की कंबरेचा सांगाडा पुढे कलतो, टेकायची जागा पुढे सरकते आणि तिथे हाडं एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून तिथे अरुंद सीट चालते, उलट रुंद सीट मांडीला आडवी येते. आठवा जरा, जुन्या काळ्या सायकलवर कॅन लावून येणारे गवळी, पोस्टमन, कोरेगाव रहिमतपूरहून डबल सीट येणारी माणसं. सगळे बाप्ये आणि सगळे ताठ बसलेले. त्या सायकलच्या सीटी कशा होत्या? ह्या एवढ्या रुंद, खाली स्प्रिंगा. तेव्हा कुणी त्यांना लेडीज सीट म्हटलं नाही. आणि दुसऱ्या टोकाला रेस करणाऱ्या बायका बघा, चिंचोळ्या सीटवर वाकून तासन् तास जातात. सायकल रेसची जागतिक संघटना यूसीआयचा नियम आहे की सीटची लांबी २४ ते ३० सेंटीमीटर पाहिजे, आणि तो बाई-पुरुष दोघांना सारखाच.

दुसरा मुद्दा मऊपणाचा, हा चटकन संपवते. दुकानात अंगठ्याने दाबून बघतो आपण सीट, गादीसारखी दबली की खूश. पण तासाभराने काय होतं, हाडं त्या जेलमध्ये रुततात आणि मधला जेल वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो, म्हणजे जिथे वजन नको तिथेच येतं. वीस मिनिटं जायचं असेल तर मऊ घ्या, काही बिघडत नाही. लांब जायचं असेल तर सीट कडक आणि गादी चड्डीत, म्हणजे सायकलिंगची पॅडवाली शॉर्ट, आणि कृपया तिच्या आत दुसरं काही घालू नका, त्या आतल्या कपड्याची शिवण कास येईपर्यंत काय करते ते मला विचारा.

तिसरा आणि चौथा एकत्रच घेते कारण दोन्ही एकाच अज्ञानातून आलेत. बधीर होणं, मुंग्या येणं हे होतं ते मधल्या मऊ भागातून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यामुळे. सीटच्या रंगाचा किंवा त्यावर काय छापलंय त्याचा याच्याशी संबंध नाही. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, त्यांनी २००८ मध्ये सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवरचा अभ्यास छापला, सगळे पुरुष. त्यांना सहा महिने पुढचं नाकच नसलेल्या सीट वापरायला दिल्या तर बधीरपणा बराच कमी झाला. म्हणजे पुरुषाला त्रास देणारी होती ती नाकवाली नेहमीची सीट, जिला फॉरवर्डवाला जेन्ट्स म्हणतो तीच! आणि बायकांना गरज नाही म्हणे. येलच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये सायकल चालवणाऱ्या आणि पळणाऱ्या बायकांची तुलना केली, सायकलवाल्यांची त्या भागातली संवेदना कमी भरली. पुढे २०१२ मध्ये असंही दिसलं की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर बायकांमध्ये पुढचा दाब वाढतो. खाच दोघांना लागू शकते. कुणाला खाचेच्या कडाच टोचतात, त्यांनी सपाट घ्यावी, तेही दोघांत असतात.

एक कबूल करते. काही सीट खरंच बायकांच्या नाजूक भागाचा विचार करून बनवलेल्या असतात आणि चांगल्या असतात. जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये बायकांसाठी सायकल कंपनी काढली, त्यांच्या खाचवाल्या सीट गाजल्या, नंतर त्याच कंपनीने पुरुषांसाठी पण काढल्या. तेव्हा लेबल बघून घेऊ नका तसं लेबल बघून सोडूही नका.

माझ्या नवऱ्याचं हेच झालं. त्याच्या मापाची, खाचवाली सीट शेवटी सापडली ती नेमकी बायकांच्या मालात. त्याला कित्येक महिने कासवरून उतरताना मुंग्या यायच्या, मला नंतर कळलं, बोलला नव्हता, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर तशातली गत, आमच्या ग्रुपात तर खरोखरचे दोन डॉक्टर. सीट आवडली लगेच. पण रात्री बघते तर हा बाहेरच्या लाइटखाली उकिडवा बसून ब्लेडने सीटच्या मागचं बारीक अक्षरातलं "वुमन" खरवडतोय. "डब्ल्यू ओ तेवढं काढ, मॅन राहील" म्हटलं तर हसला पण नाही. मुंग्या गेल्या. पुरुषत्व जागेवर आहे, माझी साक्ष काढा.

पाचवा मुद्दा सगळ्यात घातक. पहिले आठ-दहा दिवस हाडांच्या जागी ठणका लागतो, तो सवयीने जातो, मान्य. पण बधीर होणं, सालटं निघणं, गाठ येणं, लघवीला आग होणं याची सवय करायची नसते. आमच्यातल्या किमान तीन जणींनी "सवय होईल" म्हणत म्हणत सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला लावली. असं झालं तर आधी सीट बदलायच्याही आधी उंची बघा: खालच्या पेडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे, मग चालवताना चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी उजवी हलत राहते आणि कुठलीही सीट घासणारच, हजाराची असो नाहीतर दहा हजाराची. मग सीट आडवी सपाट आहे का बघा, घरातली लेव्हलची नळी किंवा मोबाइल ठेवून. नाक वर असेल तर पुढे दाबतं, फार खाली केलं तर घसरून सगळा भार मनगटावर येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललं ते पेनाने सीटच्या दांड्यावर खूण करून ठेवा, नाहीतर मूळ कुठे होतं तेच विसरायला होतं. माझ्या मैत्रिणीचा सगळा त्रास सीट सेंटीमीटरभर खाली घेतल्यावर गेला, पाच नंबरच्या अ‍ॅलन कीने, दोन मिनिटात, शून्य रुपये.

आणि घेण्याआधी कुणाची तरी मागून चालवून बघा. ग्रुपात प्रत्येकाच्या माळ्यावर एक तरी न जमलेली सीट पडलेली असते, ती फिरवा की एकमेकांत, फॉरवर्ड फिरवण्यापेक्षा.

माझी ती गुलाबी सीट पण अशीच माळ्यावर होती. सासऱ्यांची जुनी ताठ हँडलची सायकल आहे, सकाळी राजवाड्यापर्यंत पेपर आणि मग चौपाटीवर मित्र. त्यांची सीट फाटली म्हणून क्लॅम्प बदलून तीच लावून दिली, वर काळं कव्हर चढवलं. आता रोज दहा मिनिटं उशिरा येतात आणि परवा मला विचारत होते, ही अजून एक मिळेल का, जोशीबुवांना पाहिजे.