बेंटॉलचं नाव घेऊन गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांसाठी

मंगळवारी रात्री पारोळ्याहून मावशीचा फोन आला. एरवी ती कापसाच्या भावापासून सुरुवात करते. त्या रात्री एकदम म्हणाली, ‘‘मन्हं काय चुकनं रे भाऊ? मी त्याले कधी मारं नही.’’

तिचा मुलगा सहा वर्षांपासून सिव्हिलच्या गोळ्यांवर आहे. घंटागाडीच्या भोंग्यातून आपलं नाव घेतात, आपल्यालाच न्यायला येतात, असं त्याला ऐकू यायचं. गोळ्यांनी ते खूप कमी झालं होतं. थोरल्याच्या किराणा दुकानात बसायचा, उधारीची वही चोख ठेवायचा. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने एक मेसेज ढकलला आणि मावशीने गोळी द्यायची थांबवली. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याहून गेलो, तर पाकीट तूरडाळीच्या डब्यात. नऊ गोळ्या जागच्या जागी. आणि हा पहाटे तीनपासून ओट्यावर उभा, घंटागाडीची वाट बघत.

मेसेज असा: ‘जगप्रसिद्ध ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड बेंटॉल यांनी सिद्ध केले! स्किझोफ्रेनिया नावाचा आजारच नाही. आनुवंशिकतेचा काहीही संबंध नाही. आईवडिलांच्या वागण्यामुळेच मूल वेडे होते. खेड्यात हा आजार नसतो. ब्रिटनमध्ये आता आनंदी राहणेसुद्धा आजार ठरवला आहे! गोळ्या आजच बंद करा.’ शेवटी एकवीस दिवसांच्या निवासी शिबिरासाठी मोबाइल नंबर. खरं तर तिथेच सगळं कळायला हवं होतं.

बेंटॉल खरे आहेत, एवढं बरोबर. पण ते औषधं लिहून देणारे डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ आहेत. बँगोरला शिकले, लिव्हरपूल, मँचेस्टर, पुन्हा बँगोर, पुन्हा लिव्हरपूल आणि शेवटी शेफील्ड, असा प्राध्यापकीचा प्रवास. भास आणि संशय यांची कारणं शोधण्यात त्यांची हयात गेली.

आनंदाचं आधी उरकतो, कारण वाचून मला हसू आलं आणि मग संताप. १९९२ साली वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका नियतकालिकात बेंटॉल यांनी लेख लिहिला: आनंद ही दुर्मिळ, विचारशक्ती बिघडवणारी अवस्था आहे, तेव्हा तिलाही मानसिक विकारांच्या यादीत घ्या. ही चेष्टा होती. कोणत्याही अवस्थेला आजाराचं लेबल लावणं किती सोपं आहे, हे दाखवायचं होतं. तीस वर्षांनी ती चेष्टा आपल्याकडे बातमी म्हणून फिरते आहे. मेसेज लिहिणाऱ्याने लेखाचं नाव वाचलं, लेख नाही.

‘आजारच नाही’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ‘स्किझोफ्रेनिया’ हे लेबल शास्त्र म्हणून कच्चं आहे, असं बेंटॉल खरंच म्हणतात. एकाच शिक्क्याखाली दोन माणसं अशी सापडतात की त्यांच्यात एकही लक्षण सारखं नसतं. म्हणून शिक्का बाजूला ठेवा आणि एकेक तक्रार घ्या, आवाज का ऐकू येतात, कोणी मागे लागलंय असं का वाटतं, ते शोधा, हा त्यांचा आग्रह. आवाजांबद्दल त्यांची मांडणी अशी की माणूस मनातल्या मनात जे बोलतो तेच त्याला बाहेरून आल्यासारखं वाटतं. माझ्या भावाच्या घंटागाडीचा उलगडा मला पहिल्यांदा या वाचनातून झाला. पण ‘ताप’ हे काही एका रोगाचं नाव नाही असं डॉक्टर म्हणाले, तर आपण फणफणलेल्या पोराला शेतात पाठवतो का?

आता आईवडील. इथे मी थांबणार आहे, कारण मावशी दोन रात्री झोपली नाही ती या एका ओळीमुळे.

मेसेजला आधार असलाच तर तो २०१२ सालच्या एका निबंधाचा असणार. फिलिपो वारेसे पहिले लेखक, बेंटॉल शेवटचे. ३६ अभ्यासांचे आकडे एकत्र करून त्यांनी सांगितलं की बालपणी आघात सोसलेल्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-संशयापायी वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता सुमारे २.७८ पट दिसते. आघात म्हणजे काय काय मोजलं? लैंगिक अत्याचार, मारहाण, मानसिक छळ, हेळसांड, आईबापाचा मृत्यू आणि इतर मुलांनी केलेला छळ. आईबाप मेले यात आईबापाचा दोष कुठला? शाळेत पोरांनी छळलं तर मावशी काय करणार होती? अत्याचार करणारा तर शेजारचा, नात्यातला, कोणीही असू शकतो.

पटीचा अर्थही कोणी सांगत नाही. समजा, शंभरात एकाला होणारी गोष्ट आहे. पावणेतीन पट म्हणजे शंभरात जवळजवळ तिघांना. उरलेल्या सत्त्याण्णव जणांनी तेच सोसलं आणि त्यांना काही झालं नाही. त्याच निबंधात पुढे आणखी एक हिशेब आहे: हे आघातच कारण आहेत असं धरलं आणि ते समाजातून पुसून टाकले, तर सायकोसिसचे रुग्ण ३३ टक्क्यांनी कमी होतील. आकडा मोठा आहे, सरकारांनी दखल घ्यावी एवढा मोठा. पण बेंटॉल यांच्याच गणिताने दोनतृतीयांश उरतातच की! ‘आईवडिलांच्या वागण्यामुळेच’ यातला ‘च’ त्यांचा नाही. तो इथल्या कोणीतरी चिकटवलाय.

आईच्या माथी मारायचा हा प्रकार जुना आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइकमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत अशीच ‘आजार घडवणारी आई’ मांडली होती. पुढे ती कल्पना पुराव्यावर टिकली नाही, पण तोवर कित्येक आयांनी स्वतःला अपराधी मानून आयुष्य काढलं. आता ती पारोळ्यात पोचली.

बरं, सामाजिक कारणांची एवढी कळकळ असेल तर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या नंदुरबारकडच्या आईबापांच्या मागे राहिलेल्या पोरांबद्दल लिहा की चार ओळी. बेंटॉल वाचून खरा प्रश्न तो पडतो. पण त्यावर शिबिराची फी मिळत नाही.

आनुवंशिकता: अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा होत नाही, तरी इतरांच्या मानाने त्याला धोका कितीतरी जास्त असतो. म्हणजे सगळंच रक्तात नाही, आणि रक्ताचा संबंध नाही असंही नाही. खेड्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात चंदीगडच्या आसपासच्या खेड्यांत प्रमाण शहरापेक्षा कमी निघालं नव्हतं. मोठ्या शहरात धोका वाढतो हे युरोपातलं निरीक्षण आहे. ते उचलून खान्देशाला लावू नका. आमच्याकडे आजार असतो, फक्त त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात.

राहिल्या गोळ्या. त्यांचा त्रास खरा आहे. माझ्या भावाची पॅन्ट दोनदा उसवून सैल करावी लागली, आता शुगरही तपासावी लागते. बेंटॉल यांनी स्वतः एका प्रयोगात असं औषध घेऊन पाहिलं होतं. जागेवर बसवेना, शेवटी रडू फुटलं, हे त्यांनीच सांगितलंय. औषधांच्या अतिवापरावर ते कडाडून टीका करतात. पण डोस जास्त आहे म्हणणं वेगळं आणि ‘आजच बंद करा’ म्हणणं वेगळं. त्याच २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला: वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळी चालू असलेल्यांत २७ टक्के, बंद केलेल्यांत ६४. डोस कमी करायचा तर तो डॉक्टरला सांगून, हळूहळू. डाळीच्या डब्यात नाही.

आणि उलटलं तर न्यायचं कुठे? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं, त्यातलं एकही खान्देशात नाही. रात्री-अपरात्री निदान विचारायला १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट. त्या शिबिराच्या नंबराऐवजी हा ढकला.

मावशीची सिव्हिलची तारीख सोमवारी आहे. नऊ गोळ्या चुकल्या हे केसपेपर काढल्यावर आधी सांगायचं, लपवायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. मामेभाऊ म्हणाला, ‘‘मी तर फक्त फॉरवर्ड केलं होतं.’’ मग सोमवारी गाडी तू काढ, म्हटलं. हो म्हणालाय.