कॅल्शियमसाठी ताक पितो म्हणे! (कट्ट्यावरचं भांडण)

मे महिना, अकोल्याचं ऊन, पारा ४५ ला टेकलेला, त्यामुळं कट्टा आता रात्री जेवणं झाल्यावरच भरतो. परवा पक्यानं सुरुवात केली, म्हणे जिमवाल्यानं सांगितलंय, रोज दोन ग्लास ताक, कॅल्शियम पण मिळतं अन् प्रोटीन पण.

मी म्हणलं थांब बे, हिशोब कर. १०० ग्रॅम दह्यात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम, प्रोटीन तीनेक ग्रॅम. वाटीभर दह्यात तीन वाट्या पाणी घातलं तर २०० मिलीच्या ग्लासात दही आलं ५० ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम ६० अन् प्रोटीन दीड ग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला कॅल्शियम लागतं १००० मिलिग्रॅम. प्रोटीन पाहिजे तर डाळ खा, अंडी खा.

"मग पिऊच नको का?" पक्या भडकला.

पी ना, पण पाण्यासाठी पी. घामातून पाणी अन् मीठ दोन्ही जातं, नुसतं पाणी किती पिणार, ताकाचा दुसरा ग्लास मात्र आपोआप जातो. उन्हाच्या लाटेच्या सरकारी सूचनांमध्ये ओआरएस, लिंबूपाणी, लस्सीच्या जोडीला ताक असतंच. अन् दुधानं ज्यांचं पोट गुडगुडतं त्यांनाही बऱ्याचदा ताक चालतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली थोडी साखर आधीच संपवतात.

तेवढ्यात संतोष, आमचा बीएएमएसवाला, मधी पडला. "सुश्रुतात स्पष्ट लिहिलंय, नोष्णकाले! उन्हाळ्यात, अशक्त माणसाला, चक्कर किंवा अंगाची आग होत असेल तर ताक देऊ नये. चरकात ताकाचं कौतुक आहे ते मूळव्याध अन् ग्रहणीसाठी, म्हणजे पचन बिघडून सारखं पोट बिघडण्याच्या आजारासाठी."

मोहनकाका खवळले. "अरे माझी माय उन्हातून आलेल्या गड्याला आधी ताकच द्यायची, कोणाला काही झालं नाही!" मला काकांचंच पटतं, फक्त ताक ताजं पाहिजे, सकाळपासून उन्हात आंबलेलं नको.

पण काकांशी माझं भांडण वेगळंच आहे. त्यांना बीपी, अन् पितात मसाला ताकाची पाकिटं. काका, पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा वाचा हो! दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे चमचाभर, त्यात लोणचं-पापड आलंच. अन् घरात काकू अजून साय विरजून रवीनं घुसळतात, लोणी जमू लागलं की गार पाण्याचा शिपका मारतात, गोळा वर येतो अन् खाली उरतं ते खरं ताक, फॅट अगदी नावाला. आपण मिक्सरमधी दही-पाणी फिरवतो त्यात सगळं लोणी तसंच राहतं. असलं ताक घरी असताना पाकीट कशाला? बिनमिठाचं घ्या, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर टाका, मिठाची आठवण येत नाही.

एक मात्र सगळ्यांनी मान्य केलं, लेकराला जुलाब लागले तर नुसत्या ताकावर राहायचं नाही, ओआरएस द्यायचं, त्यात मीठ-साखरेचं माप ठरलेलं असतं.

संतोष अजून "नोष्णकाले"वरच अडलाय, आज ग्रंथ घेऊन येतो म्हणालाय. काका पाकीट आणणार आहेत.