हेल्परचं कोणी ऐकतं का?

परवा प्रमोशनची बातमी टाकली आणि तुम्ही सगळ्यांनी भरभरून लिहिलं. मनापासून आभार. एका जुन्या मित्राने लिहिलं, 'हिंगण्याचा हेल्पर सेफ्टी हेड झाला, जिद्द असावी तर अशी.' आईला वाचून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र ती कॉमेंट तेव्हापासून खुपते आहे. चूक मित्राची नाही, त्याने प्रेमानेच लिहिलं. पण गोष्ट अर्धी राहिली, म्हणून हे लिहितोय. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

जिद्द होती, नाही म्हणत नाही. २००१ साली नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. रोज साठ रुपये. कापलेल्या पत्र्याचे तुकडे पॉवर प्रेसजवळ, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनजवळ, नेऊन ठेवायचे, तयार पीस मोजून क्रेटमध्ये भरायचे, भंगार उचलायचं. मग दिवसा श्रद्धानंद पेठेत आयटीआय, फिटर ट्रेड, आणि रात्री कंपनी. पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, तोही सेकंड शिफ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणून सकाळची पाळी करून दुपारी कॉलेज गाठता आलं. काही वर्षं सुपरवायझर होतो. त्यानंतर वर्षभर पगार सोडून औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा केला. त्या वर्षी घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. अभिनंदन करायचंच असेल तर तिचं करा.

आता राहिलेली अर्धी गोष्ट.

कामाला लागून वर्ष झालं होतं. ज्या प्रेसवर मी माल पुरवायचो, तिला दोन बटणं होती, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग, खाली येतो, म्हणजे रॅम येताना दोन्ही हात बटणांवर असतात, डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, नसतात. साधी, चांगली युक्ती. एक दिवस मला दिसलं की डाव्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. पट्टीखाली खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी होती, त्यामुळे बटण कायम दाबलेलंच. ऑपरेटर डाव्या हाताने पीस ठेवायचा आणि उजव्याने बटण मारायचा. वाडीचा दादा होता तो, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आपल्या डब्यातली भाजी रोज मला द्यायचा.

मी सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "सर, त्या प्रेसचं डावं बटण चिकटवलेलं आहे." तो हातातल्या कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "तू हेल्पर आहे ना? पीस मोज."

मी पीस मोजायला लागलो.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीत, साडेआठच्या सुमाराला, रॅमचा आवाज आला तो नेहमीसारखाच होता. दादाच्या तोंडून आवाज निघायला थोडा वेळ लागला. मी वळून पाहिलं तर तो डावं मनगट उजव्या हाताने घट्ट धरून उभा होता आणि हातमोजा डायमध्येच होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली की कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरायचे. हा आकडा मी पुढे परीक्षेसाठी पाठ केला आणि दर वेळी तोच हातमोजा डोळ्यांपुढे आला.

त्याला दवाखान्यात नेल्यावर मला सांगण्यात आलं, "ती पट्टी काढून टाक." मी काढली. पट्टीचा गोंद बोटांना चिकटून राहिला, रॉकेलने धुवावा लागला. अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ही गोष्ट इतकी वर्षं मी फक्त बायकोला सांगितली होती.

म्हणून मित्रा, तुझी कॉमेंट मला खुपली. वीस वर्षांच्या हेल्परला जे दिसलं होतं तेच आज सेफ्टी हेडला दिसतं. आज मी तेच वाक्य बोललो की मशीन बंद होते. मधल्या काळात माझी नजर बदललेली नाही, नावापुढचं पद बदललं आहे. तेच वाक्य लोकांनी ऐकावं म्हणून मला आयटीआय, डिप्लोमा, सुपरवायझरी आणि आणखी एक डिप्लोमा करावा लागला. शिक्षण हवंच, त्याशिवाय गॅस, प्रेशर, वीज कळत नाही. पण दादाची बोटं माझ्या शिक्षणासाठी थांबणार नव्हती.

कारखान्यात धोका सगळ्यात आधी कोणाला दिसतो? जो त्याच्या सगळ्यात जवळ उभा असतो त्याला. आपल्याकडे सगळ्यात जवळ उभा असतो ठेकेदाराचा हेल्पर, आणि त्याचंच कोणी ऐकत नाही. बुटीबोरी घ्या, हिंगणा घ्या, कळमेश्वर घ्या. हेल्मेटच्या रंगावरून कळतं कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं. परमनंटचा रंग वेगळा, ठेक्याचा वेगळा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांडपाणी प्रक्रियेच्या एका टाकीत गाळ काढायला माणसं उतरवायची होती. आत उतरण्याच्या परमिटचा कागद तयार, सह्या झालेल्या. मी पोहोचलो तेव्हा टाकीच्या तोंडाशी एक पोरगा उकिडवा बसला होता, भिवापूरकडचा, वीस-एकवीस वर्षांचा. मला पाहून उठला आणि हळूच म्हणाला, "साहेब, सकाळपासून सडक्या अंड्यासारखा वास येऊन राहिला होता. आता नाही येऊन राहिला." बाजूचा माणूस म्हणाला, चला, गॅस उडून गेला असेल.

ज्यांना या गॅसची माहिती आहे त्यांच्या अंगावर हे वाचून काटा आला असेल. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला असं मुळीच नाही. मी सगळ्यांना मागे घेतलं, दोरीला बांधून गॅस मोजायचं मीटर आत सोडलं. ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली माणूस उतरवायचा नसतो. तिथे १७ च्या आसपास होता आणि हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म थांबायला तयार नव्हता. ब्लोअर लावून टाकी मोकळी करायला अख्खी दुपार गेली. वर फोनवर मला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि मी ते ऐकून घेतलं. अशा टाक्यांमध्ये एक पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, त्याच्यामागे तिसरा. तीन-चार मृतदेह निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात.

त्या दिवशी परमिटवर चार सह्या होत्या आणि धोका सांगितला तो ज्याची सही कुठेच नव्हती त्या पोराने. तोही धीर करून, जवळजवळ कुजबुजत. का कुजबुजत? कारण मोठ्याने बोललेल्या हेल्परचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद होतो, हे त्याला माहीत होतं.

कायद्यात हे नाही असं नाही. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जे झालं, त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. तिने ठरवलं की धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी, तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने हवेत, आणि जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगाराला तो सांगण्याचा हक्क आहे, व्यवस्थापकालाही आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत तर हा सांगण्याचा हक्क सगळ्याच आस्थापनांतल्या कामगारांना दिला आहे. माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. मग मी सुरक्षा समितीच्या बैठकींना जातो तेव्हा कामगारांच्या बाजूच्या खुर्च्यांवर ठेक्याचा माणूस का दिसत नाही? टाकीत उतरतो तो, भट्टीसमोर उभा राहतो तो, छतावर चढतो तो.

आणि भाषा. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत एक अट असते, बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी. किती शहाणी अट आहे ही! पण टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक, ऐका कधी. इंग्रजी स्लाइडवरचं हिंदीत वाचून दाखवायचं, समोर वऱ्हाडी, छत्तीसगडी, भोजपुरी बोलणारी माणसं, शेवटी 'समझ गए?' आणि सगळ्यांच्या माना हलतात. मी आमच्याकडे उलटं करतो. मी बोलत नाही, विचारतो. 'काल काय पाहून भीती वाटली?' पहिला महिनाभर कोणी तोंड उघडलं नाही. मग एका बाईने सांगितलं की कन्व्हेयरजवळ झाडताना तिचा पदर एकदा ओढला गेला होता. दोन वर्षांपूर्वी! आम्ही तिला हाउसकीपिंगमध्ये धरत होतो, त्यामुळे तिचं कुठलंच प्रशिक्षण झालेलं नव्हतं. आता तिथे जाळी आहे आणि कन्व्हेयर थांबवायला खेचायची दोरी तिच्या हाताला लागेल इतक्या खाली आहे.

१७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, नऊ जण गेले, त्यांत सहा बाया होत्या. त्या कारखान्याबद्दल मी काही बोलणार नाही, मी तिथे नव्हतो. पण त्या संध्याकाळी आईने मला विचारलं होतं, "तुझ्या कंपनीतल्या बायांना तू विचारतोस का रे, त्यांना काय दिसतं ते?" त्या प्रश्नानंतर मी बायांची बैठक वेगळी घ्यायला लागलो. पदराची गोष्ट त्याच बैठकीतली.

दर ४ मार्चला आपण सुरक्षा दिन पाळतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. शपथ होते, पोस्टर लागतात, बक्षिसं वाटली जातात. मला त्याचं वावडं नाही, मुलांची चित्रं तर फार आवडतात. माझं मागणं एवढंच आहे की त्या दिवशी व्यासपीठावर एक खुर्ची ठेक्याच्या हेल्परला द्या, आणि त्याला शपथ वाचायला लावू नका. त्याला बोलू द्या.

प्रेसकडे परत येतो, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं.

सेफ्टीत आल्यावर एका प्रेस शॉपमध्ये मला पुन्हा तेच दिसलं. तीच चिकटपट्टी, तसाच पुठ्ठा. पाय लटपटले. तिथल्या मॅनेजरने लगेच ऑपरेटरला मेमो द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, थांबा, आधी मला त्याच्याशी बोलू द्या. त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि विचारलं, "पट्टी का लावली भाऊ?" मला वाटलं होतं, टार्गेटचं सांगेल. तो म्हणाला, "खांदा दुखते साहेब. आठ तास हात वर करून बटण दाबायचं."

मी उठून त्याच्या जागी उभा राहिलो आणि दोन्ही बटणं दाबली. बटणं माझ्या खांद्याच्याही वर होती. वीस मिनिटांत माझे हात भरून आले. आम्ही बटणं खाली आणली, बेंबीच्या उंचीला. सर्किटही बदललं. आता दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक होत नाही, म्हणजे एक चिकटवून ठेवलं तर मशीन चालतच नाही. महिन्याभराने पाहिलं तर उत्पादन घटलं नव्हतं. मेमो कोणालाच द्यावा लागला नाही.

प्रमोशनचे पेढे घेऊन गेल्या रविवारी वाडीच्या दादाकडे गेलो होतो. त्याचा आता हिंगणा रोडला पानठेला आहे. डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात पान धरून उजव्याने चुना लावतो, सरावाने छान जमतं त्याला. मी त्याला त्या पट्टीचं सांगितलं. मी सांगितलं होतं ते, आणि नंतर मीच ती काढली तेही. तो काही बोलला नाही, पान लावत राहिला. मग मी विचारलं, "दादा, तेव्हा ते बटण तू कायले चिकटवलं होतं?"

त्याने पान माझ्या हातात दिलं आणि उजवा हात खांद्याच्या वर नेऊन हवेतच बटण दाबल्यासारखं केलं.

"लय उंच होतं बे ते," तो म्हणाला. "मले कोणी इचारलंच नाही."