सामना नसलेल्या दिवशी किल्ली कोणाकडे?

गेल्या दिवाळीत पुण्याला गेले होते, तेव्हा पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत आमच्या घरात एकच वाद चालू होता. स्वारगेटचे नेहरू स्टेडियम पाडून तिथे दुकाने आणि वाहनतळ पोटात घेतलेले नवे, उंच क्रीडासंकुल उभारावे, की आहे तेच दुरुस्त करून चालवावे? विषय तसा जुनाच आहे. अधूनमधून त्याची हवा होते आणि विरून जाते. दादा पाडण्याच्या बाजूचा, तर आमचे शेजारी, जे गेली तीस वर्षे पहाटे सारसबागेला फेऱ्या मारतात, ते कट्टर विरोधक. चकल्यांची दुसरी ताटली येईपर्यंत कोणीच हटेना, तेव्हा दादाने मला साक्षीदार म्हणून उभे केले. "तुमच्या ॲडलेडला बघ कसं झकास केलंय जुन्या मैदानाचं. तूच सांग यांना."

मी गेली सोळा वर्षे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला राहते. ज्या मैदानाबद्दल दादा बोलत होता, ते ॲडलेड ओव्हल माझ्या कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. त्याचा पुनर्विकास माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि लेखापरीक्षण हाच व्यवसाय असल्याने त्याचे हिशेबही मी आवडीने वाचले. त्यामुळे साक्ष द्यायला माझी हरकत नव्हती, फक्त ती दादाला हवी होती तशी झाली नाही.

आधी नेहरू स्टेडियमविषयी माझा पक्षपात सांगून टाकते. २९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढून आम्हा दोघांना विश्वचषकाचा सामना दाखवायला नेले होते. वेस्ट इंडीजविरुद्ध केनिया, म्हणजे लारा बघायचा, एवढाच आमचा हेतू. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला, तेव्हा आता सामना लवकर संपणार म्हणून दादा हिरमुसला होता. सामना लवकर संपला खरा, पण वेस्ट इंडीज ९३ धावांत गारद झाल्यामुळे. लारा आठ धावा करून यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन परतला. सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या होत्या, खाली अंथरायला बाबांनी जुने वर्तमानपत्र आणले होते आणि त्याची शाई माझ्या पांढऱ्या फ्रॉकला लागली होती. परत येताना आम्ही तिघे चालत घरी आलो, वीस मिनिटांत. त्या सामन्याइतकेच ते चालत घरी येणे मला आठवते, आणि ॲडलेडची गोष्ट सांगताना मी तिथूनच सुरुवात केली.

ॲडलेड ओव्हलवर पूर्वी उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळले जाई. मैदान क्रिकेट संघटनेच्या हाती होते. तारखा, पैसा आणि मैदानावरचा ताबा यांवरून दोन्ही संघटनांचे बिनसले आणि १९७४ मध्ये फुटबॉलवाल्यांनी शहराबाहेर, वेस्ट लेक्स नावाच्या उपनगरात, स्वतःचे वेगळे मैदान उभारले. पुणेकरांना ही कथा ओळखीची वाटेल. आपल्याकडे स्टेडियम महापालिकेचे आणि सामने भरवणारी क्रिकेट संघटना. दोघांत खटके उडाले, त्यात तिकिटांच्या वाटपाचा वाद मोठा होता आणि अखेर संघटनेने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधले. ते २०१२ मध्ये सुरू झाले. भांडण मैदानाच्या मालकीचे, आणि त्याचा भुर्दंड मात्र प्रेक्षकाच्या पायांना, हे दोन्ही शहरांत सारखेच घडले. फरक इतकाच, की ॲडलेडने चाळीस वर्षांनी ही चूक निस्तरली. २०१४ मध्ये फुटबॉल पुन्हा शहरात आले आणि वेस्ट लेक्सचे मैदान पुढे पाडले गेले.

या परतीसाठी जो खर्च झाला त्याचा आकडा दादाने आधीच कुठेतरी वाचला होता: ५३.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, सगळा राज्य सरकारच्या तिजोरीतून. मी त्याला म्हटले, आकडा बरोबर आहे, पण त्यातले ८.५ कोटी हे क्रिकेट संघटनेचे जुने कर्ज फेडायला गेले, हेही वाच. त्या वेळी ॲडलेडला यावरून बरीच बोंब झाली होती. रुग्णालयांना पैसा नाही आणि चेंडूफळीला आहे, हा युक्तिवाद तिथेही होतो; तो काही फक्त आपल्या सदाशिव पेठेचा नाही. मात्र त्यानंतर जे झाले ते मला आपल्याकडे कधी पाहायला मिळालेले नाही. आधी क्रिकेट संघटनेच्या सभासदांचे मतदान झाले. ठराव संमत व्हायला पंचाहत्तर टक्के मते लागणार होती, ऐंशी टक्क्यांहून थोडी अधिक पडली. मग २०११ मध्ये या एका मैदानासाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी दर सहा महिन्यांनी या प्रकल्पाच्या खर्चाचा अहवाल विधिमंडळाला द्यावा, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. ते अहवाल कोणालाही वाचता येतात. मी वाचले आहेत. झोप येत नसेल तर उत्तम उपाय आहे, पण कुठल्या कामावर किती खर्च झाला हे त्यांतून नेमके कळते. भाषणांतून ते कधी कळत नाही.

दादाच्या डोळ्यांपुढे जे झकास ॲडलेड आहे ते म्हणजे छायाचित्रांतली नवी पांढरी छपरे. मला विचाराल तर त्या पुनर्विकासातली उत्तम गोष्ट म्हणजे जे पाडले नाही ते. उत्तरेकडच्या टोकाला गवताचा उतार तसाच ठेवला आहे, त्यामागची वडाच्या जातीची प्रचंड झाडे तशीच आहेत आणि १९११ सालचा धावफलकही तसाच आहे. मुलीच्या शाळेला सुट्टी असताना मी तिला मैदान दाखवणाऱ्या सहलीला नेले होते, तेव्हा आम्ही त्या धावफलकाच्या पोटात शिरलो. आत लाकडी जिने, तेलाचा आणि धुळीचा वास, खेळाडूंच्या नावांच्या रंगवलेल्या पट्ट्या रचून ठेवलेल्या, आणि सामन्याच्या दिवशी माणसे या जिन्यांवरून वरखाली करत हातांनी धावा बदलतात. बाहेर अद्ययावत पडदे असतानाही. मुलीला एका पट्टीवर कोहलीचे नाव दिसले, तेव्हा ती किंचाळली. २०१४ च्या डिसेंबरात कोहलीने याच मैदानावरच्या कसोटीत दोन्ही डावांत शतक केले होते आणि २०२० मध्ये इथेच आपला संघ ३६ धावांत बाद झाला होता. या दुसऱ्या घटनेची आठवण माझे ऑस्ट्रेलियन सहकारी मला न चुकता करून देतात.

आता भोवतालच्या वस्तीचे काय झाले, हा शेजाऱ्यांचा प्रश्न. रेल्वे स्थानक नदीच्या एका काठाला आणि मैदान दुसऱ्या. मध्ये फक्त पायी चालणाऱ्यांसाठी पूल बांधला. फुटबॉलच्या तिकिटातच बस आणि रेल्वेचा प्रवास येतो. सामना सुटल्यावर ती हजारो माणसे मोटारीत न बसता पूल ओलांडून शहरात शिरतात, खातात, पितात आणि घरी जातात. शहराच्या मध्यभागातल्या ज्या गल्ल्या संध्याकाळी सहानंतर ओस पडत, तिथे आता बसायला जागा नसते. छोट्या मद्यालयांसाठी याच सुमारास सोपा परवाना निघाला, त्याचाही यात वाटा आहे; सगळे श्रेय मैदानाला देणे बरोबर नाही.

दुसरी बाजूही आहे. मैदानाला लागून असलेल्या नॉर्थ ॲडलेडचे रहिवासी गाड्या लावण्यावरून आणि रात्रीच्या संगीत कार्यक्रमांच्या आवाजावरून कायम कावलेले असतात. वेस्ट लेक्समध्ये जिथे मैदान होते तिथे आता घरे झाली. हिवाळ्यातल्या शनिवारच्या गर्दीवर ज्यांचा धंदा होता त्यांना कोणी पूल बांधून दिला नाही. आणि मला सर्वांत खटकले ते हॉटेल. मैदान ज्या जमिनीवर आहे ती शहराभोवतीच्या सार्वजनिक उद्यानपट्ट्याचा भाग आहे. १८३७ मध्ये शहराची आखणी झाली तेव्हापासून हा पट्टा लोकांसाठी राखलेला आहे. तरीही पुनर्विकास पुरा होऊन चारच वर्षे झाली, तेव्हा स्टँडच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून १३८ खोल्यांचे हॉटेल बांधायचे ठरले, तेही सरकारने दिलेल्या ४.२ कोटी डॉलरच्या कर्जावर. विरोध झाला, हॉटेल झालेच. म्हणजे विधिमंडळाचा कायदा, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि जवळजवळ दोनशे वर्षांची उद्यानपरंपरा एवढे सगळे असूनही मोकळ्या जागेचा एक तुकडा गेला. दादाला मी एवढेच विचारले, की यातले काहीच जिथे नाही, तिथे दुकाने काढून पैसा उभा करायचे ठरले, तर किती तुकडे जातील?

दादा म्हणाला, "म्हणून काय तसंच पडू द्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे. १९६९ चे स्टेडियम आहे. सिमेंटला वय असते. मी पाडण्याच्या विरोधात नाही आणि ते जपून ठेवण्याच्या भक्तीतही नाही. उलट, मोठे सामने शहरात परत यावेत असेच मला वाटते. गहुंजेचे स्टेडियम दिसायला देखणे आहे, तिथे २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामनेही झाले, पण साधा माणूस तिथे जाणार कसा आणि रात्री परत येणार कसा? २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी तिथे प्रेक्षकांचे पिण्याच्या पाण्यावाचून हाल झाले आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. स्वारगेटला वाहतुकीची कोंडी होते म्हणून स्टेडियम बाहेर नेणेच शहाणपणाचे होते, असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे, की सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट स्वारगेटला येते, एसटीचे स्थानक तिथेच आहे आणि पीएमपीची बस शहराच्या कुठल्याही टोकाहून तिथे पोहोचते. ॲडलेडला पूल बांधावा लागला, स्वारगेटला फक्त धड पदपथ लागेल. (हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच हसू आले. पुण्यात मेट्रो बांधणे सोपे आणि पदपथ मोकळा ठेवणे अवघड.)

पण ॲडलेडची नक्कल इथे चालणार नाही, याचे कारण जागेत आहे. तिथे मैदानाभोवती उद्याने आहेत. मैदानाला कुलूप असले तरी माणसाला पळायला, मुलांना खेळायला दहा पावलांवर हिरवळ मिळते. मुकुंदनगर, गुलटेकडी, पर्वती पायथा, शुक्रवार पेठ या दाट वस्तीला सारसबाग आणि सणस मैदान सोडले तर मोकळी अशी जागा ती किती? इथे स्टेडियम हीच मोकळी जागा आहे. वर्षातले मोठ्या सामन्यांचे दिवस धरा दहा-पंधरा. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत तिथे कोण येणार, कोणत्या वेळेला आणि किती पैसे देऊन, यावर नव्या संकुलाची किंमत ठरायला हवी. आमच्या वादात मात्र दोन दिवस प्रेक्षकसंख्या, छत आणि वाहनतळाचे मजले यांखेरीज दुसरा शब्द निघाला नव्हता.

याचा अनुभव घरातच आहे. दादाची मुलगी, माझी भाची, लांब उडीचा सराव करते. उपनगरातल्या एका नव्या, चकचकीत संकुलात तिचे नाव घातले होते. धावपट्टी उत्तम, दिवे उत्तम. पण दोन महिन्यांत अकरा वेळा तिला फाटकावरून परत यावे लागले: कधी कोणत्या तरी कंपनीचा वार्षिक सोहळा, कधी कोणाचा सत्कार, एकदा तर उडीच्या वाळूच्या खड्ड्यावर फळ्या टाकून जेवणाची टेबले मांडली होती. शेवटी वहिनीने तिला जुन्या मातीच्या मैदानावर पाठवायला सुरुवात केली. तिथे दिवे नाहीत, पण फाटक उघडे असते. ही गोष्ट दादाने मला स्वतःच सांगितली होती, चरफडत. आणि तोच दादा नेहरू स्टेडियमच्या बाबतीत मात्र मजले मोजत होता.

म्हणून नवा आराखडा निघालाच तर त्याच्या करारात रोजचे तास लिहिलेले असावेत, असे माझे म्हणणे आहे: सकाळी इतके ते इतके आणि संध्याकाळी इतके ते इतके मैदान वस्तीतल्या मुलांना, क्लबांना आणि चालणाऱ्यांना खुले, वर्षातून अमुक दिवसांपेक्षा जास्त बंद नाही, बंद ठेवल्यास ठेकेदाराला दंड. शौचालये आणि दिवे असे, की मुली अंधार पडल्यावरही सराव करू शकतील. दुकानांचे भाडे कुठे जाते याचा हिशेब दर सहा महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढे. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे महापालिकेत लोकांनी निवडून दिलेली सभाच नव्हती आणि सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता, हे पाहता हिशेब कोणापुढे ठेवायचा हेही कायद्यात किंवा करारात आधीच लिहिलेले बरे.

शेजाऱ्यांनी यावर एक साधा प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता: आज ते स्टेडियम वर्षातले किती दिवस कोण वापरते, हे कोणाला माहीत आहे का? कोणालाच नव्हते. दादाने उठून कपाटातून फुलस्केप कागद काढला आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. गेल्या पाच वर्षांत मैदान किती दिवस, कोणत्या संस्थेला, किती भाड्याने दिले. सरावासाठी किती दिवस खुले होते. देखभालीवर काय खर्च झाला. चौथा मुद्दा मी घातला, पाचवा शेजाऱ्यांनी. सहाव्या मुद्द्यावरून त्या दोघांचे पुन्हा वाजले. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवून सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी दादाने अर्ज महापालिकेत नेऊन दिला आणि पोच घेतली, तिचे छायाचित्र मला विमानतळावर असताना आले. तीस दिवसांची मुदत होती. पाडायचे की नाही, हा वाद तोवर दोघांनी तहकूब ठेवला आहे, असे वहिनी म्हणाली.