फळ्यावरची ‘बोलणारी मुले’

तास ऑफ असला किंवा मॅडम पाच मिनिटं ऑफिसात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि वर लिहितो, ‘बोलणारी मुले’. खाली नावं. परत बोललं की नावापुढे फुली, अजून बोललं की दुसरी फुली. मराठी शाळेत शिकला असाल तर तुमचं नाव कधीतरी त्या यादीत आलेलं असणार, नाहीतर तो खडू तरी तुमच्या हातात असणार. मी १९ वर्षं पाचवी ते आठवीला शिकवतेय, तालुक्याच्या गावात, अनुदानित शाळेत, आणि त्यातली निदान बारा-तेरा वर्षं मी ही यादी वापरली. वर्गात परत यायचं, फळा बघायचा, नावं वाचायची, उभं करायचं, झालं. माझा वर्ग ‘शिस्तीचा’ म्हणून नाव होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

ती यादी बंद का केली ते सांगायचंय. बरेच दिवस मनात होतं, परवाच्या पालक सभेनंतर राहवेना म्हणून लिहितेय, मोठं होईल, वाचा.

सहावीचा वर्ग होता. मधली सुट्टी संपून मुलं आत येत होती आणि एका मुलाने दुसऱ्याला कंपासपेटी फेकून मारली. पत्र्याची, कोपरा बरोबर भुवईच्या वर लागला, रक्त आलं, दोन टाके पडले. साहजिकच ऑफिस, पालकांना फोन, आणि मारणाऱ्याला तीन दिवस वर्गात बसायचं नाही. त्याची आई कामावरून तशीच धावत आली, सगळ्यांसमोर हात जोडत होती. पोरगा मात्र एक शब्द बोलेना. का मारलंस, काय झालं, किती विचारलं, नुसता खाली बघून उभा. शेवटी शाळा सुटल्यावर एक मुलगी माझ्या मागे मागे सायकल स्टँडपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, ते त्याला रोज पप्पांच्या नावाने हाका मारतात.”

आपल्याकडे शाळेत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. बापाच्या नावाने चिडवणं. पोरं वडिलांचं नाव लपवून ठेवतात, कुणीतरी हजेरी बघून किंवा रिझल्टवरून ते शोधून काढतं, आणि मग वर्षभर “ए सुरेश”, “ओ रमेशराव” चालू. आपण हसून सोडून देतो, आम्हीपण करायचो म्हणतो. पण या मुलाचे वडील २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. आई नंतर मला म्हणाली, घरात आम्ही ते नाव मोठ्याने घेत नाही हो मॅडम, आजी रडायला लागते. आणि शाळेत तेच नाव त्याला दिवसातून वीस वेळा मागून, पुढून, पाणी पिताना, लघवीला जाताना ऐकावं लागत होतं. तीन महिने. माझ्या वर्गात. आणि त्या तीन महिन्यांत फळ्यावरच्या यादीत त्याचं नाव एकदाही आलं नव्हतं, कारण तो बोलायचाच बंद झाला होता. माझ्या हिशोबाने तो वर्गातला सगळ्यात शहाणा मुलगा होता.

त्या रात्री मी शाळेची डायरी काढून बसले. मागच्या पानावर विद्यार्थ्यांसाठी सूचना असतात ना, त्या मोजल्या. २३ निघाल्या. नखं कापलेली असावीत, केस बारीक असावेत, मुलींनी दोन वेण्या व रिबन, पायात काळे बूट, गॅदरिंगव्यतिरिक्त मेंदी नको, मोबाईल आणू नये, फी वेळेत भरावी (हीपण विद्यार्थ्यांसाठी सूचना!). शेजारच्या बाकावरच्या मुलाशी कसं बोलावं, कुणाच्या कशावरून हसू नये, चुकलं तर काय करावं, यावर एक ओळ नाही. म्हणजे शाळा म्हणून आम्ही मुलांकडून जे मागत होतो ते सगळं अंगावर दिसणारं होतं. आत काय चाललंय ते आमच्या यादीत कुठे नव्हतंच.

आणि गंमत नाही सांगत, खरंच विचार करा, रोज परिपाठाला आपण हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतो. त्यात वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन आहे आणि लगेच पुढे प्रत्येकाशी सौजन्याने वागेन आहे. ही प्रतिज्ञा पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये विशाखापट्टणमला असताना मूळ तेलुगूत लिहिली, आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांतच ती छापलेली असते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, सौजन्य म्हणजे काय? बराच वेळ शांतता. मग एक जण उठून म्हणाला, “मॅडम, फ्लेक्सवर खाली लिहिलेलं असतं ते, सौजन्य अमुक तमुक.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. ११-१२ वर्षांची मुलं, पहिलीपासून रोज म्हणतायत, आणि त्यांना सौजन्य म्हणजे ज्याने फ्लेक्सचे पैसे दिले तो. त्यांचा काय दोष? आपण कधी सांगितलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वागणूक ही शिकवायची गोष्ट आहे, नुसती अपेक्षा करायची नाही. गुणोत्तर प्रमाण शिकवायला मी पंधरा तास घेते, फळ्यावर सोडवून दाखवते, चुकलं तर परत दाखवते, आणि “नीट वाग” मात्र दोन शब्दांत सांगून मोकळी होते. नीट म्हणजे काय ते कोण दाखवणार? त्यातून हे वय. आमच्याकडे पाचवीला मुलं वाडी-वस्तीवरच्या झेडपीच्या शाळेतून येतात, तिथे चौथीपर्यंत पंधरा-वीस पोरं आणि एकच गुरुजी, गुरुजींना घर माहिती, आजा माहिती. इथे एकदम ५८ जणांचा वर्ग आणि दर तासाला नवा माणूस. (आरटीईत सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, ते एक असो.) गणिताच्या सरांना उभं राहून उत्तर दिलेलं चालतं, इंग्लिशच्या मॅडमना हात वर केल्याशिवाय तोंड उघडलेलं चालत नाही, पीटीच्या सरांचं तिसरंच. मुलं काय शिकतात, तर कुणासमोर कसं राहायचं. वागायचं कसं ते नाही शिकत. शरीर बदलत असतं, आवाज फुटत असतो, घरच्यांपेक्षा मित्र काय म्हणतील याची भीती जास्त. अशा वेळी सगळ्यात जास्त शिकवायची गरज, आणि आपण नेमके सगळ्यात जास्त ओरडतो.

आता पालक सभेवर येते. दरवर्षी एक तरी वडील उभे राहतात आणि म्हणतात, “मॅडम, हाणा त्याला, आमची काही हरकत नाही.” परवापण म्हणाले. मुलगा शेजारीच बसलेला. बाकीचे पालक हसले, मुलगापण हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. त्यांना मी तिथे सांगितलं ते इथेपण सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी करतं, तुमची हरकत असो नसो. स्टाफरूममध्ये ऐकू येतं की या कायद्याने आमचे हात बांधले, म्हणून पोरं डोक्यावर बसली. मला नाही पटत. माझा अनुभव असा की जो मुलगा सगळ्यात जास्त हात उचलतो तो घरी सगळ्यात जास्त मार खाऊन आलेला असतो. हां, एक तक्रार खरी आहे, मारू नका सांगितलं पण त्याऐवजी काय करायचं ते कुणी नीट शिकवलं नाही, ते ज्याचं त्याने शोधलं. आणि दुसऱ्या टोकाचे पालकही आहेत, माझ्या मुलाला एक शब्द बोलायचा नाही म्हणणारे. त्यांच्या मुलाला चूक झाल्यावर माफी कशी मागतात हेच माहिती नसतं, आणि त्याचा त्रास त्यालाच होतो, मित्र टिकत नाहीत.

मी काय केलं, तर सुरुवात खिचडीच्या रांगेपासून. पोषण आहाराची रांग बघा कधी, वर्गाचं खरं रूप तिथे दिसतं. मोठी पोरं मध्ये घुसणार, बारकी मागे ढकलली जाणार, आणि वाढणाऱ्या बाईंना “ओ खिचडी, इकडे टाका”. मी ओरडले नाही. माझी ताटली घेतली आणि रांगेत शेवटी उभी राहिले, रोज. माझी पाळी आली की “काकू, थोडीच द्या” म्हणायचे. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय बघायचे तेव्हा मुलांच्या खोल्या मुलं नसताना स्वतः आवरून ठेवायचे, न बोलता, हे माझे वडील आम्हाला सांगायचे, तेच डोक्यात होतं. दहा-बारा दिवसांनी आठवीतला एक दांडगा मुलगा माझ्या पुढे होता, काकूंना म्हणाला, “काकू, आधी या बारक्याला वाढा.” काकूंनी पळी हातात तशीच धरून त्याच्याकडे बघितलं. नंतर मला म्हणाल्या, सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काकू म्हटलं.

मग वर्गाचे नियम मुलांनाच लिहायला लावले. पहिल्या दिवशी ४१ आले, सगळे डायरीसारखेच, नखं आणि बूट. पाच-सहा तास गेले त्यात, पोर्शन मागे पडला, मुख्याध्यापकांनी विचारलंही. आता भिंतीवर पाचच आहेत. त्यातला पहिला, कुणाच्या घरच्यांवरून बोलायचं नाही. तो कुणी सुचवला सांगू? ज्याच्या भुवईवर दोन टाके आहेत त्याने. चौथा नियम माझ्यासाठी आहे, मॅडमनी मार्क सगळ्यांसमोर वाचायचे नाहीत. मला तो लागला, कारण मी वाचायचे, आणि कमी मार्क असले की थोडं थांबून वाचायचे. पाळतेय आता.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. गेल्याच महिन्यात सातवीतल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीच्या फोटोचं स्टिकर फिरलं आणि ती चार दिवस शाळेत आली नाही. भिंतीवरच्या पाच ओळी तिथे कामाला आल्या नाहीत, तिच्या घरी मी आणि तिच्या दोन मैत्रिणी जाऊन बसलो तेव्हा ती आली.

कंपासपेटीवाला मुलगा आता आठवीत आहे, बोलतो, जरा जास्तच बोलतो. आणि सध्या वर्गात पाचव्या नियमावरून वाद चालू आहे, टोपणनावाने हाक मारायची की नाही. निम्मे म्हणतात ज्याला आवडतं त्याला चालेल, निम्मे म्हणतात आवडत नसलं तरी तो हसून आवडतं असंच सांगणार, मग कळणार कसं. मलापण उत्तर माहिती नाही. सोमवारी शेवटचा तास त्यासाठी ठेवलाय.