फोटोशॉपशिवाय हौशी फोटोग्राफरचं नेमकं कुठे अडतं?

फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नवा माणूस आला आणि त्याने "एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं विचारलं, की थोड्याफार फरकाने एकच मजकूर त्याच्या अंगावर येतो. कुणीतरी कधीतरी लिहिलेला, पुढे ढकलत ढकलत पक्का झालेला. त्याचा गाभा असा: सगळे व्यावसायिक फोटोशॉप आणि लाइटरूमच वापरतात, तेव्हा तुम्हीही तेच घ्या, फुकटची सॉफ्टवेअर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, संस्कार न केलेली नोंद) उघडत नाहीत आणि ८ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या थोड्याच पायऱ्यांत, काम करतात, कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे खेळणं, महिन्याचे पैसे परवडत नसतील तर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, टाका, हौशी माणसाला कोण विचारतो, आणि एकदा लाइटरूम शिकलात की जन्माची ददात मिटली.

फोटोशॉप-लाइटरूम बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीची सॉफ्टवेअर वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. चांगलीच आहेत. पण हौशी माणसाने निवड करताना जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, तो या मजकुरात कुठेच नाही: उद्या हे सोडावंसं वाटलं, तर माझ्या हातात काय उरेल?

"सगळे व्यावसायिक तेच वापरतात." आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफीपुरतं हे बव्हंशी खरं आहे, पण त्यामागच्या कारणाचा फोटोच्या दर्जाशी फारसा संबंध नाही. अल्बमचा धंदा पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलवर उभा आहे. १२ बाय ३६ इंचाची शीट, तिच्या तयार डिझाइनच्या पीएसडी, त्यांत फोटो बसवणारा डिझायनर आणि शेवटी लॅब. फोटोग्राफर एका गावात, डिझायनर दुसऱ्या, लॅब तिसऱ्या. मधल्या एकाने वेगळं काही वापरायचं ठरवलं तर पुढच्याचं काम अडतं. त्यात एकेका लग्नाचे हजारो फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंत रंगात एकसारखे दिसायला हवेत. लाइटरूममध्ये एका फोटोवर केलेलं काम बाकीच्यांवर चढवायला क्षणभर पुरतो. शिवाय सबस्क्रिप्शनचे पैसे धंद्याच्या खर्चात जातात.

रविवारी पहाटे भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्याच्या पुढेमागे अशी साखळी नसते. तो परत येऊन थोडे फोटो निवडतो, एखाददुसरा छापतो, जमलं तर स्पर्धेला पाठवतो. लॅबला एसआरजीबीमधली (पडद्यांसाठी ठरलेल्या सर्वसाधारण रंगपट्ट्यातली) जेपीईजी लागते. ती कुठल्या सॉफ्टवेअरमधून निघाली हे काउंटरवरचा माणूस विचारत नाही. स्पर्धांचंही तेच. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या कडक स्पर्धेत शेवटच्या टप्प्यातल्या छायाचित्रांच्या मूळ फाइल मागवून तपासतात, पण पाहतात ते दृश्यात काही घातलं-काढलं का किंवा रंग-उजेडात अती फेरफार केला का, हे; सॉफ्टवेअर कुठलं, हे नाही.

जाता जाता एक गंमत. फोटोवर मराठीत दोन ओळी टाकायच्या म्हणून फोटोशॉप घेणारे लोक असतात. जुन्या फोटोशॉपमध्ये सेटिंग बदलून दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. जिम्प या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरी मुळातच नीट उमटते.

"फुकटची सॉफ्टवेअर ८ बिटची, रॉ न उघडणारी." हे विधान एकेकाळी जिम्पबद्दल खरं होतं. १९९६ मध्ये लोकांसमोर आलेलं जिम्प बरीच वर्षं एका रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या, एवढ्यावरच अडलेलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये २.१० आवृत्ती आली आणि ते ३२ बिटपर्यंत काम करू लागलं. मार्च २०२५ मधल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लावून नंतर बदलताही येतात, मूळ चित्राला धक्का न लावता. ग्रुपमधला मजकूर मात्र अजून २०१८ च्या आधीच्याच काळात मुक्कामाला आहे.

रॉ न उघडण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. जिम्प स्वतः रॉ उघडत नाही. ती फाइल ते डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ उघडणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरकडे सोपवतं. फोटोशॉप एकेका चित्रावर बारकाईने काम करायचं, लाइटरूम रॉ उजळून फोटोंचा साठा लावायचं; जिम्प हा फोटोशॉपचा पर्याय आहे, लाइटरूमचा नाही. लाइटरूमच्या जागी डार्कटेबल किंवा रॉथेरपी बसतं, फोटोंच्या साठ्याची व्यवस्था लावायला डिजिकॅम. लोक आधी जिम्प उतरवून घेतात, त्यात एक्स्पोजरची पट्टी आणि फोटोंची रांग शोधतात, ती सापडत नाही म्हणून वैतागतात आणि फुकटचं ते तसलंच असा निकाल देऊन मोकळे होतात.

कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात. ८ बिटच्या जेपीईजीत सूर्यास्ताच्या आकाशाचा उजेड फार ओढला की त्यात पट्टे का पडतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. डार्कटेबल ही सगळी माहिती ३२ बिटमध्ये हाताळतं आणि मूळ फाइलला हात लावत नाही. केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. हे सॉफ्टवेअर २००९ पासून चालू आहे, विंडोजवर २०१७ च्या डिसेंबरपासून.

तरी नवख्याला मी आधी डार्कटेबल सुचवत नाही. ते अवघड आहे. त्यात डझनांनी मॉड्यूल आहेत, एकाच कामाला दोन-तीन वाटा आहेत, आणि पहिल्याच दिवशी धक्का बसतो: फाइल उघडताना क्षणभर छान रंगीत चित्र दिसतं आणि मग ते फिकट होतं. पहिलं असतं ते कॅमेऱ्याने रॉमध्ये ठेवलेलं छोटं जेपीईजी, कंपनीच्या रंगांनी नटवलेलं. दुसरं तुमचं कच्चं चित्र, ज्यावर तो साज नाही. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. रॉथेरपीमध्ये २०१८ पासून अशी सोय आहे, की फाइलमधलं ते जेपीईजी बघून उजेडाचा वक्र आपोआप जुळवला जातो. सुरुवात करायला ती जागा बरी.

"फुकट" या एका पाटीखाली दोन निराळ्या गोष्टी बसवल्या जातात, तेही बघायला हवं. जिम्प, डार्कटेबल आणि रॉथेरपी मुक्त परवान्याची आहेत. आज उतरवलेली आवृत्ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही. कंपनीने मर्जीने फुकट दिलेल्याचं तसं नसतं. गुगलने निक कलेक्शन हा फोटोच्या फिल्टरांचा संच मार्च २०१६ मध्ये फुकट केला, पुढच्या वर्षी डीएक्सओ कंपनीला विकला, आणि पुढच्या आवृत्त्यांना पुन्हा पैसे पडू लागले. अफिनिटी हे फोटोशॉपच्या धर्तीचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं आहे, कॅनव्हा कंपनीने ते विकत घेतल्यानंतर. आज वापरायला ते उत्तम आहे. जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर दहा वर्षांचे फोटो फक्त त्याच्याच फाइलींत कोंडू नका.

आता एक उदाहरण, जिथे सॉफ्टवेअरची निवड जवळजवळ गौण ठरते. जेजुरीला सोमवतीला उधळलेला भंडारा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसतो, घरी येऊन बघावं तर पिवळ्याचा सपाट डाग. पावडरीचा पोत नाही, हवेतल्या ढगाची घडी नाही. हळदीचा रंग इतका गडद असतो, की उन्हात लाल वाहिनी (फोटोतला लाल रंगाचा घटक) वरच्या टोकाला जाऊन थडकते आणि निळी तळाला बसते. उजेडाचा एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) बघून एक्स्पोजर बरोबर वाटतं. तीन रंगांचे वेगळे आलेख बघितले तरच ते कळतं. उपाय तिथेच, गडावर करायचा: रॉमध्ये टिपायचं आणि एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड) खाली ठेवायचं. घरी आल्यावर पिवळ्याचा गडदपणा थोडा उतरवून उजेड सांभाळायचा. ही पट्टी लाइटरूममध्ये आहे, डार्कटेबलमध्ये आहे, रॉथेरपीमध्ये आहे. रॉमध्येच लाल वाहिनी जळाली असेल, तर पोत यांतल्या एकालाही परत आणता येत नाही, मग महिन्याला कितीही मोजा.

"कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे खेळणं." निकॉनचं एनएक्स स्टुडिओ (२०२१ पासून), कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज ही सगळी फुकट आहेत. कॅमेऱ्यात तुम्ही निवडलेला रंगाचा साज जसाच्या तसा उघडण्यात ती इतरांपेक्षा सरस असतात, कारण तो त्यांच्या घरचाच असतो. फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ तर रॉवरचं काम यूएसबीने जोडलेल्या कॅमेऱ्याच्या प्रोसेसरकडूनच करून घेतं, त्यामुळे जुना, दमलेला लॅपटॉपही चालतो. उणिवाही आहेत: फक्त स्वतःच्या कंपनीची रॉ उघडतात, काही चांगलीच संथ आहेत, फोटोच्या एखाद्या भागापुरतं काम करायची साधनं तोकडी. एनएक्स स्टुडिओ तुमचे बदल फोटोंच्या शेजारी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. फोटो दुसरीकडे हलवताना तो मागे राहिला की केलेलं काम गेलं. पण पहिलं वर्ष शिकायला यात काय कमी पडतं, ते मला कुणी पटवून दिलेलं नाही.

"क्रॅक टाका." कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब मध्ये माहीत असूनही सॉफ्टवेअरची चोरीची प्रत संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. म्हणजे हौशी माणसाला सवलत मिळू शकते, माफी नाही. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक टाकताना पहिली सूचना येते ती अँटिव्हायरस बंद करा अशी. स्टॉप नावाचं खंडणीखोर व्हायरसचं कुटुंब मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरलं, आणि ते फोटोंच्या फाइलीही कुलूपबंद करतं. शिवाय क्रॅक बहुधा जुन्या आवृत्तीचा असतो, तो नव्या कॅमेऱ्याची रॉ ओळखत नाही. आणि फोटो चोरीला जातात म्हणून त्यावर हातभर वॉटरमार्क टाकणारी मंडळीच चोरीचं सॉफ्टवेअर वाटत फिरतात, याला काय म्हणावं?

"जन्माची ददात मिटली." ॲपलचं ॲपर्चर हे लाइटरूमच्या धर्तीचं सॉफ्टवेअर २००५ मध्ये आलं, ते बंद करत असल्याचं कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलं. घराघरांत फोटो सांभाळणारं पिकासा २०१६ मध्ये गेलं. एकदाच पैसे देऊन मिळणाऱ्या लाइटरूमची शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ ची; तिचे अपडेट २०१७ मध्ये संपले. ज्यांनी ती "कायमची" म्हणून घेतली, त्यांनी पुढे कॅननचा नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याची सीआर३ ही नव्या प्रकारची रॉ फाइल तीत उघडेना. आधी ॲडोबीच्याच फुकट डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल बदलून घ्यावी लागली.

उलट बाजूची अफवाही खोटी आहे, की सबस्क्रिप्शन थांबलं की फोटो अडकतात. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो तुमच्याच डिस्कवर असतात. पैसे थांबल्यावर डेव्हलप (रंग-उजेड बदलायचा) आणि मॅप (नकाशाचा) हे विभाग बंद होतात. फोटो बघणं, शोधणं, एक्स्पोर्ट करणं चालू राहतं. अडकतं ते तुम्ही केलेलं काम. एक्सएमपीत लिहून ठेवलेत तर शीर्षकं, कीवर्ड, तारे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतात. पण रंग आणि उजेडाचे बदल जसेच्या तसे तिकडे जात नाहीत, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. डार्कटेबलमधून बाहेर पडतानाही हीच रड आहे. तेव्हा सॉफ्टवेअर कुठलंही असो, जे फोटो आपले म्हणून मिरवावेसे वाटतात ते पूर्ण आकारात १६ बिट टिफ या कुठल्याही सॉफ्टवेअरला उघडणाऱ्या फाइलमध्ये काढून रॉच्या शेजारी ठेवावेत. जागा खातात, खाऊ द्या.

ॲडोबीचं पारडं जड कुठे आहे? लाइटरूममध्ये २०२१ पासून फोटोतला मुख्य विषय किंवा आकाश एका क्लिकवर निवडता येतं, २०२३ पासून डीनॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोचे दाणे (नॉइज) पुसायची सोय, आहे. ताडोबात सांजवेळी आयएसओ ६४०० वर वाघ टिपणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. हिंदी-मराठीत शिकवणारे व्हिडिओही त्याचेच जास्त. फोन आणि संगणकावर तेच फोटो हवे असतील तर ती सोयही पक्की. एवढं सगळं खरोखर लागत असेल तर घ्या. फक्त नॉइजसाठी घेणार असाल तर डीएक्सओचं डीपप्राइम हे त्याच कामाचं साधन २०२० पासून आहे आणि ते एकरकमी विकत मिळतं.

एक वस्तू मात्र ग्रुपमधल्या त्या मजकुराने अजिबात विचारात घेतलेली नाही: संगणकाचा पडदा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबीतले जेमतेम ६०-६५ टक्के रंग तो पडदा दाखवू शकतो. अशा पडद्यावर भंडाऱ्याचा पिवळा दुरुस्त करायला बसलेला माणूस अंदाजाने पट्ट्या ओढतो आणि प्रिंट आल्यावर लॅबवर चिडतो. वर्षभराच्या सबस्क्रिप्शनचे पैसे बाजूला पडत असतील, तर त्यात आणखी थोडी भर घालून पूर्ण एसआरजीबी दाखवणारा साधा आयपीएस मॉनिटर घ्यावा. पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र, कॅलिब्रेटर, ग्रुपमध्ये मिळून एक घेतला तरी भागतं. तो काही रोज लागत नाही, आणि डिस्प्लेकॅल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्याच्यासोबत चालतं.