पाचोळ्याची गोळी होऊ नये म्हणून

अभिनंदन! सोसायटीच्या कमिटीवर तुमची बिनविरोध निवड झाली, म्हणजे त्या मीटिंगला तुम्ही गैरहजर होता. आता फेब्रुवारी उजाडला की रेन ट्री आणि जंगली बदाम पानं गाळायला लागतील, आणि बी विंगमधले निवृत्त इंजिनिअर काका जिन्यात गाठून म्हणतील, "अहो, या पाल्याचे पेलेट होतात!" घाबरू नका. हे संकट टाळता येतं.

आधी संकट समजून घ्या. पाला आणि फांद्या वाळवायच्या, त्यांचा भुगा करायचा आणि तो भोकं असलेल्या पोलादी डायमधून रेटायचा. दाबाने आणि घर्षणाने भुगा तापतो, त्यातलंच लिग्निन नावाचं नैसर्गिक द्रव्य मऊ होऊन डिंकासारखं चिकटतं आणि बोटाहून बारीक, 6 ते 8 मिलिमीटरच्या टणक कांड्या, म्हणजेच जळणाचे पेलेट, बाहेर पडतात. वरून खळ लावायला नको. माल चांगला असेल तर किलोमागे 3,500 ते 4,000 किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे आपल्या बऱ्याचशा दगडी कोळशाइतकी. बॉयलरवाले घेतात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असं धोरण केंद्राने 2021 मध्येच काढलंय. एवढं ऐकून तुमचंही मन पाघळेल. आवरा त्याला.

पेलेटचे दोन वैरी, ओल आणि माती. दोन्ही आपल्या घरचेच.

भुग्यात ओल 10-15 टक्क्यांच्या आसपास लागते, आणि ताज्या हिरव्या पाल्यात तर निम्मं पाणीच असतं. मेच्या उन्हात फांद्या फुकट वाळतील, हा धोका ओळखून छाटणी नेहमी मेच्या शेवटच्या आठवड्यात काढावी. मग ट्रक येईपर्यंत ढीग फुटपाथवर ठेवावा. ट्रकच्या आधी पाऊस येतोच. भिजत घोंगडं ठेवण्यात आपला हात कोण धरणार?

मातीचं काम खराट्याकडे द्या. झाडताना तो असा रेटायचा, की पानासोबत दोन मुठी माती आणि खडी पाटीत आलीच पाहिजे. वाळूने डाय झिजते, राख वाढते, बॉयलरमध्ये खडे धरतात आणि पुढच्या खेपेला घेणारा फोनच उचलत नाही. वर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि देवाचे हार, दोऱ्यासकट. बागेचा कचरा वेगळा ठेवा, असं घनकचऱ्याचे नियम 2016 पासून सांगतात. ठेवावा की! मीही तीन आठवडे गोणपाटांत निव्वळ पाला भरून ठेवला होता. चौथ्या रविवारी त्यावर कुणीतरी फाटकी गादी आणून टाकली. गादी कुणाची, हे सगळ्यांना माहीत आहे.

एवढ्यावरही पाला कोरडा आणि स्वच्छ उरलाच, तर काडी लावा. खर्च एक काडी. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड, असा हरित लवादाचा 2016 चा आदेश आहे. पण पावती फाडणारा पहाटे साडेपाचला उठत नाही आणि आपला वॉचमन उठतो. कुणी खोकलंच तर धुराने डास जातात म्हणून सांगा. चौथ्या मजल्यावरच्या आजींना नेब्युलायझर लावावा लागतो हे खरं, पण डास तर चावत नाहीत ना!

काका इंदूरचा दाखला देतील. होळकरांचं शहर, म्हणून जरा जास्तच झोंबतो. तिथे हिरवा कचरा रोज 30 टनांच्या घरात, पानगळीत 60-70 टन. तिथल्या बिचोली हप्सी भागात 55,000 चौरस फुटांवर खासगी भागीदारीत प्रकल्प, आणि लाकूड-फांद्यांच्या टनामागे महापालिकेलाच सुमारे 3,000 रुपये मिळायचे ठरलेले. पाला उचलायला ट्रॅक्टरवाल्याला आपण पैसे मोजतो, हे त्या क्षणी काकांना आठवू देऊ नका. "त्यांच्याकडे जागा आहे हो," म्हणा आणि पार्किंगचा विषय काढा. पार्किंग निघालं की इंदूर राहतं बाजूला.

तरीही सभेने ठराव केलाच, तर विरोध करू नका. उलट यंत्र लगेच घ्या, आणि एकट्याने घ्या. एका सोसायटीच्या पाल्यावर यंत्राचं पोट भरत नाही. दहा-बारा सोसायट्या आणि वॉर्डातल्या बागा एकत्र आल्या तर कदाचित भरेल, म्हणून शेजाऱ्यांना मुळीच विचारू नका. भुगा करणारं यंत्र आणि वाळवणाची शेड 'दुसऱ्या टप्प्यात' ढकला. उद्घाटनाला नगरसेवक बोलवा, फीत कापा, पहिली कांडी त्यांच्या हातात द्या. ती आदल्या दिवशी विकत आणून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात ओल्या पाल्याने डाय तुंबेल. यंत्रावर ताडपत्री टाका. वर पत्रा घातला असेल तर गणपतीच्या मांडवाचे बांबू तिथे छान राहतात. आणि पुढच्या फेब्रुवारीत वॉचमनला पाला पेटवायला आडोसाही मिळतो. वाऱ्याने काडी विझत नाही.